नावातून रचना: साध्या सेंद्रिय संयुगांच्या नामकरणाची रीत

कार्बनचे पाच आणि हायड्रोजनचे बारा अणू एकत्र जोडले, तर त्यांतून एक नव्हे, तीन वेगवेगळे पदार्थ तयार होतात. पहिल्यात पाचही कार्बन अणू एका सरळ रांगेत असतात आणि तो द्रव ३६ अंश सेल्सिअसला उकळतो. दुसऱ्यात चार कार्बनांची रांग असून पाचवा कार्बन तिच्या आतल्या एका कार्बनला बाजूने जोडलेला असतो. त्याचा उत्कलनांक २८ अंशांच्या जवळपास आहे. तिसऱ्यात मधल्या एका कार्बनाभोवती उरलेले चारही कार्बन जोडलेले असतात आणि तो साडेनऊ अंशांनाच उकळून वायुरूप होतो. तिघांचे रेणुसूत्र एकच असल्याने नुसत्या सूत्रावरून यांतला कोणता पदार्थ अभिप्रेत आहे हे सांगता येत नाही. रेणुसूत्र तेच पण अणूंची जोडणी निराळी अशा संयुगांना समघटक म्हणतात, आणि कार्बनांची संख्या वाढते तशी त्यांची संख्या भराभर फुगत जाते. फक्त एकेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनांचा, म्हणजे निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचा, विचार केला, तर सहा कार्बनांचे ५, आठ कार्बनांचे १८, दहा कार्बनांचे ७५ आणि वीस कार्बनांचे ३,६६,३१९ संरचना समघटक संभवतात. इतक्या पदार्थांना एकेक स्वतंत्र नाव ठेवून ते पाठ करणे कोणालाही शक्य नाही. म्हणून नावच असे घडवावे लागते की ते वाचून रेणूची रचना कागदावर काढता यावी, आणि रचना पाहून कोणीही तेच नाव लिहावे.

पूर्वी असे नव्हते. पदार्थ जिथे सापडला, त्यावरून त्याचे नाव पडत असे: मुंग्यांपासून मिळाले ते फॉर्मिक आम्ल, व्हिनेगरमधले ॲसेटिक, लोण्यातले ब्युटिरिक. ही नावे सुटसुटीत असली तरी रचनेविषयी काहीच सांगत नाहीत. शेळीच्या दुधातल्या स्निग्ध पदार्थांत आढळणाऱ्या तीन आम्लांना शेळीच्या लॅटिन नावावरून कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक अशी नावे मिळाली. त्यांत कार्बन अनुक्रमे सहा, आठ आणि दहा असतात, पण कोणत्या नावाचे किती हे दरवेळी आठवावेच लागते. नव्या पद्धतीतली हेक्झेनॉइक, ऑक्टेनॉइक आणि डेकेनॉइक ही नावे तो आकडा स्वतःच सांगतात.

या पद्धतीची बीजे एकोणिसाव्या शतकातली आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी १८६६ मध्ये हायड्रोकार्बनांची नावे शेवटच्या स्वराच्या क्रमाने बदलावीत अशी सूचना केली होती. आज वापरात असलेले ‘एन’, ‘ईन’, ‘आइन’ हे शेवट त्याच विचारातून आले. पुढे १८९२ मध्ये जिनिव्हा येथे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रिडेल यांच्या अध्यक्षतेखाली युरोपातल्या नऊ देशांचे ३४ रसायनशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी नामकरणाचे पहिले आंतरराष्ट्रीय नियम ठरवले. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ, म्हणजेच आयुपॅक, १९१९ मध्ये स्थापन झाला आणि तेव्हापासून ही जबाबदारी त्याच्याकडे आहे. १९७९, १९९३ आणि २०१३ या वर्षी नियमांच्या महत्त्वाच्या आवृत्त्या निघाल्या. एकाच संयुगाचे नाव दोन पुस्तकांत थोडे वेगळे दिसते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

पद्धतशीर नावाचे तीन भाग असतात. मधला भाग कार्बनांची मुख्य शृंखला किती लांब आहे हे सांगतो. शेवटचा भाग, म्हणजे प्रत्यय, कार्बनांमधले बंध कसे आहेत आणि मुख्य क्रियात्मक गट, म्हणजे संयुगाला त्याचे खास रासायनिक गुण देणारा अणूंचा गट, कोणता आहे हे सांगतो. सुरुवातीचा भाग, म्हणजे उपसर्ग, मुख्य शृंखलेला बाजूने काय काय जोडले आहे याची नोंद करतो. प्रत्येक गोष्ट शृंखलेच्या कितव्या कार्बनावर आहे हे दाखवणारे आकडे, म्हणजे स्थानांक, या भागांच्या मधून पेरलेले असतात.

एका कार्बनासाठी मिथ, दोनांसाठी इथ, तीनांसाठी प्रोप आणि चारांसाठी ब्युट ही मुळे जुन्या नावांवरून घेतलेली असल्याने पाठच करावी लागतात. पाचापासून पुढे संख्यावाचक शब्द येतात: पेंट, हेक्झ, हेप्ट, ऑक्ट, नोन, डेक. सगळे बंध एकेरी असतील तर मुळाला ‘एन’ लावून मिथेन, इथेन, प्रोपेन अशी अल्केनांची नावे होतात. अल्केनमधला एक हायड्रोजन काढून तो तुकडा दुसऱ्या शृंखलेला शाखा म्हणून जोडला, की ‘एन’च्या जागी ‘इल’ येते आणि मिथेनचे मिथिल, इथेनचे इथिल होते.

येथपर्यंत अडचण येत नाही. चुका होतात त्या मुख्य शृंखला निवडताना, आणि त्यामागचे कारण असे की कागदावर सरळ काढलेली रांग आपल्याला मुख्य वाटते आणि वर किंवा खाली काढलेला भाग शाखा वाटतो. रेणूला मात्र वर, खाली, सरळ, वाकडे असे काही नसते. एकेरी बंधाभोवती त्याचे भाग फिरत राहतात आणि आपण काढलेली आकृती ही केवळ आपली सोय असते. समजा तीन कार्बन आडव्या रांगेत काढले आणि मधल्या कार्बनाच्या वर दोन कार्बनांचा इथिल गट काढला. आकृती पाहून ‘२-इथिलप्रोपेन’ असे नाव सुचते. आता रांगेच्या एका टोकापासून बोट फिरवत मधल्या कार्बनावर यावे आणि तिथून सरळ न जाता वर वळावे: एक, दोन, तीन, चार. चार कार्बनांची शृंखला सापडली, म्हणजे मूळ नाव ब्युटेन ठरले, आणि आडव्या रांगेतला उरलेला एक कार्बन हीच खरी शाखा. योग्य नाव २-मिथिलब्युटेन. त्याचप्रमाणे ‘१-मिथिलप्रोपेन’ असे नाव कोणी लिहिले असेल तर तो पदार्थ शाखेचा नसून साधा ब्युटेन आहे, कारण टोकाच्या कार्बनाला जोडलेला मिथिल गट शृंखलेची लांबीच वाढवतो. खुल्या शृंखलेच्या अल्केनच्या नावात मिथिल गट पहिल्या स्थानावर किंवा इथिल गट दुसऱ्या स्थानावर दिसला, की शृंखला पुन्हा मोजावी. सारख्या लांबीच्या दोन शृंखला मिळत असतील, तर जिच्यावर जास्त शाखा आहेत ती निवडतात.

शृंखला ठरल्यावर तिच्या कार्बनांना क्रमांक द्यायचे. कोणत्या टोकापासून? शाखांना लहान आकडे मिळतील त्या टोकापासून, हे उत्तर सर्वांना माहीत असते, पण ‘लहान’ या शब्दाचा अर्थ अनेक ठिकाणी चुकीचा शिकवला जातो. स्थानांकांची बेरीज करावी आणि जिची बेरीज कमी ती बाजू घ्यावी, असा तोडगा शिकवणी वर्गांत सर्रास सांगितला जातो. नियम तसा नाही. दोन्ही बाजूंनी मिळणारे आकडे चढत्या क्रमाने लिहायचे, एकेका जागेवरचे आकडे ताडून पाहायचे आणि जिथे पहिला फरक दिसेल तिथे लहान आकडा असलेली बाजू घ्यायची, असा तो आहे. दहा कार्बनांच्या शृंखलेवर तीन मिथिल गट आहेत आणि एका टोकाकडून त्यांची स्थाने २, ७, ८, तर दुसऱ्या टोकाकडून ३, ४, ९ येतात असे समजू. पहिल्याची बेरीज १७ आणि दुसऱ्याची १६ आहे. बेरजेचा तोडगा दुसरी बाजू निवडतो. नियमाप्रमाणे पहिल्याच जागेवर २ हा ३ पेक्षा लहान असल्याने पहिली बाजू ठरते आणि नाव २,७,८-ट्रायमिथिलडेकेन असे होते. बहुतेक सोप्या उदाहरणांत दोन्ही रीतींचे उत्तर एकच येते. त्यामुळे हा तोडगा टिकून राहिला आहे आणि तो नेमका अवघड प्रश्नात दगा देतो.

एकाच प्रकारचा गट एकापेक्षा अधिक वेळा आला तर डाय, ट्राय, टेट्रा असे संख्यादर्शक लावतात, आणि दोन गट एकाच कार्बनावर असले तरी आकडा दोनदा लिहावा लागतो. वेगवेगळे गट असतील तर त्यांची नावे रोमन वर्णानुक्रमाने मांडायची, आणि त्या वेळी डाय, ट्राय हे भाग जमेस धरायचे नाहीत. मराठीतून लिहिताना येथे जपावे लागते. आपल्या वर्णमालेत ‘क’ हा ‘ब’च्या आधी येतो, पण रोमन लिपीत ब्रोमोचे पहिले अक्षर क्लोरोच्या आधीचे आहे, म्हणून देवनागरीत लिहिलेल्या नावातही ब्रोमो आधी आणि क्लोरो नंतर. विरामचिन्हांचा नियम सोपा आहे: दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम, आकडा व अक्षर यांमध्ये छोटी रेघ, आणि बाकी सगळे जोडून एका शब्दात.

हॅलोथेन या भूल देण्याच्या औषधाचे नाव या सगळ्याचा चांगला नमुना आहे: २-ब्रोमो-२-क्लोरो-१,१,१-ट्रायफ्लुओरोइथेन. दोन कार्बनांचा इथेन, त्यातल्या एका कार्बनावर फ्लोरिनचे तीन अणू आणि दुसऱ्यावर ब्रोमीन व क्लोरीन. फ्लोरिनवाल्या कार्बनाला १ म्हटले की आकडे १,१,१,२,२ असे येतात. उलट बाजूने मोजले तर १,१,२,२,२. तिसऱ्या जागेवर फरक पडतो आणि पहिली बाजू जिंकते. क्रमवारीत मात्र फ्लुओरो शेवटी जातो, कारण नावात आधी कोण येणार आणि लहान आकडा कोणाला मिळणार या दोन स्वतंत्र बाबी आहेत. त्यांची सरमिसळ केली की नाव चुकते.

नावे देण्यापेक्षा नावावरून रचना काढण्याचा सराव अधिक उपयोगी ठरतो असे माझे मत आहे, कारण त्यात अंदाजाला वाव राहत नाही. २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन हे नाव घेऊ. उलट्या दिशेने वाचायला लागावे. पेंटेन, म्हणून पाच कार्बन एका रांगेत काढून त्यांना १ ते ५ आकडे दिले. ट्रायमिथिल, म्हणजे एकेका कार्बनाच्या तीन शाखा. त्यांतल्या दोन दुसऱ्या कार्बनावर आणि एक चौथ्यावर. आता प्रत्येक कार्बनाचे चार बंध पुरे होतील इतके हायड्रोजन भरायचे. पहिल्या कार्बनाला तीन. दुसऱ्याचे चारही बंध कार्बनांशीच झाले असल्याने त्याला एकही नाही. तिसऱ्याला दोन, चौथ्याला एक, पाचव्याला तीन आणि तीन मिथिल गटांचे मिळून नऊ. एकूण आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन. हाच तो पदार्थ, ज्याला पेट्रोलच्या व्यवहारात आयसोऑक्टेन म्हणतात आणि ज्याचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात खडखड न होता जळण्याच्या क्षमतेचे माप, १०० धरून इतर इंधने मोजली जातात. सरळ शृंखलेच्या हेप्टेनचा अंक शून्य धरलेला आहे. जुन्या रीतीप्रमाणे ‘आयसो’ याचा अर्थ टोकाहून दुसऱ्या कार्बनावर एक मिथिल शाखा, एवढाच होता. त्या अर्थाने आयसोऑक्टेन हे नाव २-मिथिलहेप्टेन या निराळ्याच संयुगाला शोभले असते. व्यवहारात मात्र ते भलत्याच रेणूला चिकटले आणि आता सुटणार नाही.

शृंखलेत दुहेरी बंध असेल तर ‘एन’चा ‘ईन’ होतो आणि तिहेरी बंध असेल तर ‘आइन’. बंध ज्या दोन कार्बनांमध्ये आहे त्यांपैकी लहान क्रमांक तेवढा लिहितात. ब्युट-१-ईनमध्ये दुहेरी बंध टोकाला असतो, तर ब्युट-२-ईनमध्ये तो मधोमध असतो. दुहेरी बंधाभोवती रेणूचे भाग मोकळेपणाने फिरू शकत नाहीत, त्यामुळे ब्युट-२-ईनमध्ये दोन्ही टोकांचे मिथिल गट बंधाच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, यावरून दोन वेगळे पदार्थ होतात आणि ते दाखवायला नावाआधी सिस किंवा ट्रान्स असा शब्द जोडावा लागतो. मुख्य शृंखला कशी निवडावी याबाबत २०१३ च्या नियमांनी येथे एक बदल केला आहे. शालेय पुस्तके अजूनही सांगतात की दुहेरी बंध मुख्य शृंखलेतच असला पाहिजे, मग ती थोडी आखूड असली तरी चालेल. नव्या शिफारशीत लांबीला पहिला मान आहे. परिणामी जुन्या रीतीने २-इथिलपेंट-१-ईन म्हटले जाणारे संयुग नव्या रीतीने ३-मिथिलिडीनहेक्झेन होते; मिथिलिडीन म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेली एका कार्बनाची शाखा. परीक्षेत कोणते लिहावे हा प्रश्न अभ्यासक्रम कोणती आवृत्ती मानतो यावर सुटतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही नावे वाचून रचना एकच निघते.

आता क्रियात्मक गट. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी शृंखलेला लागली की अल्कोहोल होते आणि प्रत्यय ‘ऑल’ लागतो. ऑक्सिजन दुहेरी बंधाने टोकाच्या कार्बनाला जोडलेला असेल तर अल्डिहाइड, आतल्या कार्बनाला असेल तर कीटोन, आणि टोकाच्या एकाच कार्बनावर असा ऑक्सिजन व अल्कोहोलची जोडी दोन्ही असतील तर कार्बॉक्झिलिक आम्ल. अल्डिहाइडला ‘अल’, कीटोनला ‘ओन’ आणि कार्बॉक्झिलिक आम्लाला ‘ऑइक आम्ल’ असे प्रत्यय आहेत. दोन कार्बनांच्या शृंखलेवर हे लावून पाहिले की इथेनॉल, इथेनॅल आणि इथेनॉइक आम्ल अशी नावे मिळतात, आणि पहिल्या दोहोंत फक्त एका स्वराचा फरक असल्याने लिहिताना व वाचताना सावध राहावे लागते. नावाच्या सुरुवातीचा फरक तर जिवावर बेतणारा असू शकतो: इथेनॉल हे पेयांतले अल्कोहोल, तर एकच कार्बन कमी असलेल्या मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि दृष्टी जाण्याची किंवा मृत्यू ओढवण्याची भीती असते.

अल्डिहाइड आणि आम्ल यांच्या गटात एक कार्बन असतोच आणि तो मुख्य शृंखलेत मोजावाच लागतो, ही गोष्ट नवशिके हमखास विसरतात. व्हिनेगरमधल्या आम्लात एक मिथिल गट आणि एक आम्लगट आहे. आम्लगटातला कार्बन सोडून दिला तर ते ‘मिथेनॉइक’ वाटेल; तो धरला की दोन होतात आणि नाव इथेनॉइक आम्ल असे येते. हा गट नेहमी टोकालाच असल्याने त्याच्या कार्बनाचा क्रमांक १ असतो आणि तो लिहिण्याची गरज पडत नाही. अल्कोहोल आणि कीटोन यांचे तसे नाही. तीन कार्बनांच्या शृंखलेत मधल्या कार्बनावर अल्कोहोलचा गट असेल तर नाव प्रोपेन-२-ऑल; हात निर्जंतुक करण्याच्या अनेक द्रवांत हेच संयुग असते. १९७९ च्या नियमांप्रमाणे ते २-प्रोपेनॉल असे लिहीत. ज्या भागाचे स्थान सांगायचे त्याच भागाला चिकटून आकडा लिहावा, असे १९९३ पासून सुचवले गेले. बाटलीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल असे नाव असते आणि ते चालते, पण आयसोप्रोपेनॉल हे नाव नियमात बसत नाही, कारण आयसोप्रोपेन नावाचा हायड्रोकार्बनच अस्तित्वात नाही.

क्रमांक देताना मुख्य क्रियात्मक गटाचा हक्क शाखांच्या आधी येतो. पाच कार्बनांच्या शृंखलेवर एका टोकाकडून दुसऱ्या स्थानी अल्कोहोल गट आणि दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्या स्थानी मिथिल गट असेल, तर नाव ४-मिथिलपेंटेन-२-ऑल असे होते. एकाच रेणूत दोन वेगळे गट असतील तर प्रत्ययाचा मान एकालाच मिळतो. आम्ल सर्वांत वर; त्याच्या खाली अल्डिहाइड, मग कीटोन, मग अल्कोहोल, मग अमाइन (नायट्रोजन असलेला गट) असा साधारण क्रम आहे. ज्याला मान मिळत नाही तो गट उपसर्ग होऊन पुढे जातो: अल्कोहोलचा हायड्रॉक्सी, अमाइनचा अमिनो, कीटोनचा ऑक्सो. ताक आंबट करणारे लॅक्टिक आम्ल याच रीतीने २-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक आम्ल ठरते, आणि प्रथिनांतले अलानिन २-अमिनोप्रोपेनॉइक आम्ल. दोन्ही नावे शेजारी ठेवली की त्यांत केवळ एका गटाचा फरक आहे हे लगेच दिसते. लॅक्टिक आणि अलानिन या शब्दांतून त्याचा पत्ताही लागत नाही. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने बनणाऱ्या एस्टरचे नाव दोन शब्दांत लिहितात, अल्कोहोलकडून आलेला भाग आधी आणि आम्लाकडून आलेला नंतर, जसे इथिल इथेनोएट. शृंखला वळून कडे झाले असेल तर मुळाआधी सायक्लो जोडतात.

असे असले तरी जुनी नावे हद्दपार झालेली नाहीत, आणि ती व्हावीत असे आयुपॅकचेही म्हणणे नाही. २०१३ च्या शिफारशींत ॲसेटिक आम्ल आणि फॉर्मिक आम्ल हीच पसंतीची नावे आहेत, तर ॲसिटोनसाठी प्रोपेन-२-ओन पसंत केले असून ॲसिटोन हे नाव सर्वसाधारण वापरासाठी ठेवले आहे. यात तर्काची शिस्त थोडी सैल सोडली आहे असे कोणाला वाटेल, पण रोज शेकडो प्रयोगशाळांत उच्चारले जाणारे नाव नियमाने बदलत नाही, हे ओळखूनच तडजोड केलेली दिसते. तिच्या मर्यादाही ठरवून दिल्या आहेत. बेंझिनच्या, म्हणजे सहा कार्बनांच्या, कड्याला मिथिल गट जोडलेला असेल तर टोल्युइन हे जुने नाव पसंतीचे आहे. मात्र त्याच कड्यावर आणखी गट आले की पसंतीच्या नावात टोल्युइन चालत नाही आणि बेंझिनपासून सुरुवात करावी लागते. म्हणून २,४,६-ट्रायनायट्रोटोल्युइन या नावाने सर्वपरिचित असलेले स्फोटक शिफारशीनुसार २-मिथिल-१,३,५-ट्रायनायट्रोबेंझिन होते. आकडे बदलण्याचे कारण असे की बेंझिनच्या नावात मिथिल आणि नायट्रो दोघेही केवळ उपसर्ग असतात, त्यामुळे मिथिलवाल्या कार्बनाला १ म्हणण्याचे बंधन उरत नाही, आणि १,२,४,६ व १,२,३,५ यांची तुलना केली की तिसऱ्या जागेवर दुसरा संच लहान ठरतो.